जुना लष्करी लाँचर घ्यायचाय: अमेरिकेतला कायदा, आयात आणि पुण्याला नेण्याचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ टेक्सासात प्लेनोला राहतात, एच-१बी व्हिसावर आहेत आणि लष्करी वस्तू जमवण्याचा त्यांना नाद आहे. गन शोमध्ये त्यांना एटी-४ या खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्राची वापरून झालेली नळी दिसली. युरोपातला एक विक्रेता 'डिमिल' केलेला, म्हणजे लष्करी उपयोगातून बाद केलेला, आरपीजी-७ रॉकेट लाँचर स्वस्तात देतोय. शेजारी व्हिएतनाम युद्धात जाऊन आलेले एक आजोबा राहतात, त्यांच्या गॅरेजमध्ये एम-७९ ग्रेनेड लाँचर आहे आणि तो ते फुकट द्यायला तयार आहेत. व्हिसाची अडचण असेल तर ग्रीन कार्डवाल्या मोठ्या भावाच्या नावावर घेऊ का? आणि काही वर्षांनी परत जाताना हे पुण्याच्या दिवाणखान्यात लावता येईल का?

परवानाधारक शस्त्र-आयातदारांची कागदपत्रं तयार करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर आधी देतो, कारणं मागून. भावाच्या नावावर घेणं हा गुन्हा आहे. युरोपातून मागवायचा विचार सोडून द्या. आजोबांचा एम-७९ हातातसुद्धा घेऊ नका. एटी-४च्या नळीबद्दल थोडं बोलता येईल. पुण्याला यातलं काहीही जाणार नाही.

व्हिसापासून सुरुवात करू, कारण तुमच्यापुरती बरीचशी चर्चा तिथेच संपते. फेडरल फौजदारी कायद्याचं कलम ९२२(जी)(५)(बी) सांगतं की 'नॉनइमिग्रंट' व्हिसावर आलेल्या माणसाने शस्त्र किंवा काडतुसं बाळगायची नाहीत. एच-१बी, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद आहे, आणि तो परवाना टेक्सासात सहज मिळतो, म्हणून रेंजवर जाणारी आपली बरीच मुलं तो पाकिटात ठेवून असतात. त्या अपवादावर साधी रायफल घेतलेले लोक मी पाहिलेत. ग्रेनेड लाँचरसाठी शिकारीचा परवाना पुढे करणाऱ्याचं काम मात्र, कागदावर बसत असलं तरी, मी घेणार नाही. हरणावर ग्रेनेड कोण टाकतं, हा प्रश्न सरकारी वकील विचारणारच. २०२२ पासून या कलमाखालची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे.

त्याहून महत्त्वाचं, आणि आपल्या लोकांना बहुधा ठाऊक नसलेलं: इमिग्रेशन कायद्यात शस्त्राविषयीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढण्याचं वेगळं कलम आहे, आणि त्यात 'डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस' हे शब्द नाव घेऊन लिहिलेत. ते कलम ग्रीन कार्डवाल्यालाही लागू होतं. तुरुंग टळला, नुसती प्रोबेशन मिळाली, तरी हद्दपारीचं प्रकरण उभं राहू शकतं.

म्हणून भावाचं. भावाने स्वतःसाठी, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या तिजोरीत ठेवायला घेतलं तर तो त्याचा हक्क. तुमच्या सांगण्यावरून तुमच्यासाठी घेतलं तर तो 'स्ट्रॉ पर्चेस'. २०२२ मध्ये त्यासाठी कलम ९३२ नव्याने घातलं गेलं, त्यातही १५ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. दोघं एकाच घरात राहत असाल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा तुमच्याकडे नसावा. वस्तू हातात असणं आणि ती तुमच्या ताब्यात असणं यांत कोर्ट फारसा फरक करत नाही.

आता मूळ व्याख्या. १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट, म्हणजे एनएफए, आला तेव्हा त्याचं लक्ष्य मशीनगन आणि आखूड नळीच्या बंदुका होत्या. लाँचर त्यात आले १९६८ मध्ये, 'डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस' या नावाने. धंद्यात सगळे नुसतं 'डीडी' म्हणतात. व्याख्येचा एक भाग डागल्या जाणाऱ्या वस्तूचा: बॉम्ब, ग्रेनेड, ४ औंसांपेक्षा जास्त प्रणोदक (पुढे ढकलणारं इंधन) असलेलं रॉकेट, पाव औंसापेक्षा जास्त स्फोटक असलेलं क्षेपणास्त्र. पाव औंस म्हणजे जेमतेम ७ ग्रॅम. दुसरा भाग नळीचा: स्फोटक किंवा इतर प्रणोदकाच्या जोरावर काहीतरी बाहेर फेकणारं आणि आतला व्यास अर्ध्या इंचापेक्षा मोठा असलेलं शस्त्र. बहुतेक शॉटगनचा व्यास त्याहून मोठाच असतो, पण खेळ-शिकारीसाठी योग्य म्हणून तिला सूट आहे. ४० मिलिमीटरच्या एम-७९ला ती नाही. आरपीजी-७ची नळीही ४० मिलिमीटरचीच, बाजारात फोटोत दिसतो तो मोठा फुगीर भाग रॉकेटच्या पुढच्या टोकाचा असतो.

नळी आणि तिच्यात घालायची वस्तू या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे नीट लक्षात घ्या. लाँचर नोंदवलेला असला तरी प्रत्येक जिवंत स्फोटक ग्रेनेड हा स्वतंत्र डीडी आहे: त्याची वेगळी नोंद, वेगळा २०० डॉलर कर, वर स्फोटकं साठवण्याचे नियम. त्यामुळे एम-७९ कायदेशीरपणे बाळगणारे लोक रेंजवर डागतात ते बहुतेक एम-७८१सारखे सरावाचे राउंड. हा राउंड आदळला की फुटून रंगीत भुकटी उडते, इतकंच. त्यात पाव औंसाचा प्रश्न येत नाही.

याच व्याख्येत संग्राहकांच्या फायद्याची एक फट आहे. साध्या रायफलीत रिसीव्हर, म्हणजे जिच्यात यंत्रणा बसते ती मधली चौकट, हीच कायद्याच्या दृष्टीने बंदूक. नळी काढा, लाकूड काढा, रिसीव्हर उरला की बंदूक उरली. डीडीचं तसं नाही. तिथे कायदा विचारतो: ही वस्तू डागते का, किंवा सहज बदल करून डागता येईल का? दोन्हींचं उत्तर खरोखर 'नाही' असेल तर ती धातूची नळी आहे. सगळं भांडण 'सहज' या एका शब्दाभोवती होतं. मशीनगनच्या एका खटल्यात १९७३ मध्ये फेडरल अपील कोर्टाने सुसज्ज वर्कशॉपमध्ये ८ तासांचं काम हेसुद्धा 'सहज' मानलं. घरच्या ड्रिल मशीनवर जमत नाही म्हणजे सुटलो, असं समजू नका. आणि सुटे भाग वेगवेगळ्या खोक्यांत ठेवूनही फायदा नाही. ज्यांतून डीडी सहज जुळवता येईल असे भाग एकत्र जवळ असणं हेही व्याख्येतच आहे.

या चष्म्यातून गन शोमधली नळी पाहा. एटी-४ हे स्वीडिश बनावटीचं ८४ मिलिमीटरचं शस्त्र एकदाच डागायचं असतं. नळीसकट कारखान्यातून भरून येतं, डागलं की नळी टाकून द्यायची. ६६ मिलिमीटरचं एम-७२ लॉही तसंच. डागून झालेल्या नळीत पुन्हा भरायची सोयच नसते, म्हणून अशा नळ्या अमेरिकेत शोभेच्या वस्तू म्हणून विकल्या जातात. तुमच्यासारख्या व्हिसावाल्यालाही, ती शस्त्राच्या व्याख्येत बसत नसेल तर, ९२२(जी) आड येत नाही.

पण मी तरी विकत घेण्याआधी दोन गोष्टी मागेन. एक, एटीएफच्या, म्हणजे शस्त्रांचे कायदे राबवणाऱ्या फेडरल यंत्रणेच्या, तांत्रिक विभागाचं वर्गीकरणाचं पत्र. हा विभाग वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला आहे. नमुना पाठवला की तपासून लेखी मत देतात. विक्रेता पत्राची झेरॉक्स दाखवेल, ती नीट वाचा. पत्र त्या नमुन्यापुरतं असतं. नमुन्याची नळी आडवी कापलेली होती आणि तुमच्यासमोरची अख्खी आहे, तर ते पत्र तुमच्या कामाचं नाही. दोन, ही नळी लष्कराच्या ताब्यातून बाहेर कशी आली त्याचा कागद. अमेरिकी संरक्षण खात्यात प्रत्येक वस्तूला एक डिमिल कोड असतो, आणि 'डी' कोडचा अर्थ पूर्ण नाश. असा माल कापून, चिरडून, वितळवूनच बाहेर पडायला हवा. अख्खी, रंगसुद्धा न उडालेली खरी नळी टेबलावर दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न डीडीचा येत नाही, चोरीचा येतो. सरकारी मालमत्ता अपहाराचं कलम ६४१ वेगळंच आहे, आणि १,००० डॉलरच्या वर किंमत गेली की शिक्षा १० वर्षांपर्यंत. जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलला बंदुका परत घेण्याची मोहीम होती. तिथे बाहेरच्या रस्त्यावर एका माणसाने १०० डॉलरला स्टिंगर क्षेपणास्त्राची वापरलेली नळी विकत घेतली. पोलिसांनी ती लगेच ताब्यात घेतली आणि ती लष्कराकडून बाहेर कशी आली याची चौकशी सुरू केली. नळी रिकामी होती, एकदाच वापरायची होती, तरीही.

रंगावर विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. अमेरिकी लष्कराच्या पद्धतीत निळा म्हणजे सरावाचा, ब्राँझ म्हणजे निष्क्रिय, पिवळं चिन्ह म्हणजे उच्च स्फोटक. पण रंगाचा डबा कुणालाही मिळतो. आपल्याकडे नगरजवळच्या के. के. रेंज या लष्कराच्या सरावाच्या मैदानाच्या परिसरात भंगार वेचणाऱ्यांनी रिकामं समजून उचललेलं रिकामं नसल्याची किंमत मोजली आहे. शंका असेल तर हात लावू नका, पोलिसांना फोन करा.

भावाला खरोखर स्वतःसाठी हौस असेल तर रस्ता सरळ आहे, फक्त लांब आहे. १९८६ नंतर सामान्य नागरिकासाठी नव्या मशीनगनची नोंद बंद झाली, म्हणून त्यांचे भाव आभाळाला भिडलेत. डीडीवर तसं बंधन कधी आलं नाही. आजही परवानाधारक कारखाना नवा ४० मिलिमीटरचा एम-२०३ ग्रेनेड लाँचर बनवून नागरिकाला विकू शकतो. विक्रेत्याकडे मात्र डीडीचा वेगळा परवाना लागतो, नेहमीच्या बंदूक दुकानाचा चालत नाही. डीडी विक्रेता, उत्पादक आणि आयातदार यांचे परवाने अनुक्रमे ९, १० आणि ११ क्रमांकाचे. तीन वर्षांची फी ३,००० डॉलर. म्हणून असे विक्रेते थोडे.

खरेदीला फॉर्म ४ भरायचा. बोटांचे ठसे, फोटो, २०० डॉलर, स्थानिक पोलीसप्रमुखाला एक प्रत. २०१६ पर्यंत त्यांची सही लागायची, आता नुसतं कळवायचं असतं. २०० डॉलरचा हा आकडा १९३४ पासून हललेला नाही. २०२६ च्या १ जानेवारीपासून सायलेन्सर आणि आखूड बंदुकांवरचा कर शून्य झाला, मशीनगन आणि डीडी तेवढे त्यातून वगळले. 'एनएफएचा कर गेला' असं कुणी सांगत असेल तर तो अर्धंच सांगतोय. मंजुरी येईपर्यंत वस्तू विक्रेत्याकडेच राहते. आली की फॉर्मवरचा मालिका क्रमांक नळीवरच्या कोरीव क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. शून्य की 'ओ', एक की 'आय', मधली आडवी रेघ आहे की नाही. हे तिथेच, दुकानात करा. घरी नेल्यावर चूक सापडली तर तुमच्या कपाटात असलेली वस्तू आणि सरकारच्या नोंदीतली वस्तू वेगळी ठरते. दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी फॉर्म ५३२०.२० वर परवानगी.

राज्य हा पुढचा अडसर. टेक्सासात फेडरल नोंद असली की राज्याचा गुन्हा लागत नाही. एडिसनला किंवा फ्रीमाँटला राहणाऱ्यांनी हे उत्तर वाचून हुरळून जाऊ नये: न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया दोन्हीकडे सामान्य माणसाने डीडी बाळगणं राज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, फेडरल स्टॅम्प, म्हणजे कर भरून मिळालेली मंजुरी, तिथे कवच होत नाही. कॅलिफोर्नियाची व्याख्याही वेगळी, तिथे ०.६० इंचाची रेघ आहे. लंडनहून वाचणाऱ्यांसाठी: ब्रिटनच्या १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५ मध्ये रॉकेट लाँचर नावानिशी निषिद्ध आहे, तिथे फॉर्म-स्टॅम्पचा खेळच नाही.

नुसता आकार आणि 'ठप्प' असा आवाज हवा असेल तर ३७ मिलिमीटरचा फ्लेअर लाँचर पाहा. सिग्नल देण्यासाठी, आतषबाजीसाठी, दोर फेकण्यासाठी बनवलेल्या साधनांना डीडीच्या व्याख्येतून वगळलंय, म्हणून एम-२०३सारखा दिसणारा ३७ मिलिमीटरचा लाँचर फेडरल पातळीवर एनएफएच्या नोंदणीशिवाय मिळतो. यात फसतात ते असे: एटीएफच्या १९९५ च्या तिसऱ्या रुलिंगप्रमाणे त्याच लाँचरसोबत रबरी गोळ्या, लाकडी गोळ्या किंवा बीनबॅगची काडतुसं जवळ असली की तो तत्क्षणी डीडी होतो. डागायचीही गरज नाही. एका कपाटात लाँचर, दुसऱ्यात 'दंगलविरोधी' काडतुसांचा खोका, आणि नोंद नाही, म्हणजे झाला गुन्हा. हीच गोष्ट युरोपातून येणाऱ्या जुन्या २६.५ मिलिमीटरच्या फ्लेअर पिस्तुलांची. फ्लेअरसाठी ठीक, त्यात गोळी डागता यावी म्हणून विकतात ती धातूची आतली नळी घातली की ते सिग्नल साधन उरत नाही.

आता आयात. इथे लोक गोंधळतात, कारण बाळगण्याचा कायदा आणि आत आणण्याचा कायदा वेगळे आहेत. एनएफएचं कलम ५८४४ म्हणतं की डीडीसकट कुठलंही एनएफए शस्त्र आयात करायचं तर कारणं तीनच: सरकारी वापर, वैज्ञानिक संशोधन, किंवा नोंदणीकृत उत्पादक-आयातदार-विक्रेत्याला चाचणी वा नमुन्यासाठी. 'माझ्या संग्रहासाठी' हे चौथं कारण तिथे नाही. ज्या एम-७९सारखाच लाँचर तुमचा भाऊ देशात फॉर्म ४ वर घेऊ शकतो, तो तो युरोपातून आणू शकत नाही. फेडरल फौजदारी कायद्याचं कलम ९२५(डी)(३) याच्या जोडीला लष्करी जुन्या शस्त्रांची आयातही अडवतं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, 'क्युरिओ' ठरलेल्या रायफली आणि शॉटगनना तिथे सूट मिळते, म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या रायफली येतात. ती सूट लाँचरला नाही.

तिसरा थर आर्म्स एक्स्पोर्ट कंट्रोल ॲक्टचा. त्याखाली एटीएफची आयातीची शस्त्रयादी आहे, आणि अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या तोफा-लाँचरांसाठी तिच्यात वेगळा वर्ग. यादीतला माल आणायला नोंदणीकृत आयातदार हवा, फॉर्म ६ आधी मंजूर व्हायला हवा, माल बंदरावर आल्यावर फॉर्म ६ए. चीन, इराण, क्युबा, उत्तर कोरिया असे काही देश सरळ बंद. अमेरिकेने परदेशी सरकारांना मदत म्हणून दिलेली शस्त्रं परत आणण्यावर आणखी बंधनं आहेत. ऑगस्ट २०१३ मध्ये ओबामा सरकारने अशी लष्करी शस्त्रं खासगी हातांत परत येणं जवळजवळ थांबवलं. कोरियात पडून असलेल्या एम-१ गॅरंड रायफलींवरून तेव्हा संग्राहकांमध्ये केवढा गदारोळ झाला होता! एखादा युरोपी विक्रेता मूळ अमेरिकी एम-७९ दाखवत असेल तर तो कुठल्या सैन्याकडून आला, हा प्रश्न इथेही येतो.

आणि 'डिमिल'? विक्रेत्याच्या देशात ते निष्क्रिय ठरलं, एवढाच त्याचा अर्थ. ड्रिलने चार भोकं पाडली, ट्रिगर वेल्ड केला आणि प्रमाणपत्र दिलं, हे त्याच्या सरकारला पुरेसं असेल. एटीएफची सवय वेगळी आहे. मशीनगनच्या बाबतीत तर ते ज्योतीने आरपार कापलेलं मागतात, प्रत्येक कापात निदान पाव इंच धातू जळून गेलेला. २००५ पासून लष्करी शस्त्रांच्या सुट्या नळ्याही येऊ देत नाहीत, म्हणून पार्ट्स किट, म्हणजे सुट्या भागांचे संच, नळीशिवाय येतात. लाँचरमध्ये नळी हीच तर सगळी वस्तू.

अशा पार्सलचं काय होतं ते सांगतो. माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात बिलावर लिहिलं होतं: 'शोभेची धातूची नळी, जुनी, १ नग, ६० युरो'. कस्टम्सने एक्स-रेत पाहिलं तर नळीसोबत दृष्टिदर्शकाचा कंस, मागची शंक्वाकार तोटी, लाकडी आवरण, आणि ट्रिगरचा गट पूर्ण. विक्रेत्याने मेहेरबानी म्हणून किंमत आणि वर्णन हलकं केलं होतं. मागवणाऱ्याला ते ठाऊकही नव्हतं. तरी खोटं वर्णन, परवान्याविना आयात, संशयित डीडी, असे तीन मुद्दे त्याच्या नावावर लागले, कारण पत्ता त्याचा होता. माल गेलाच, वकिलाचं बिल नळीच्या कितीतरी पट आलं. विक्रेता 'काळजी करू नका, मी डेकोरेशन लिहितो' म्हणाला की तिथेच व्यवहार मोडा.

आता पुण्याचा प्रश्न. अमेरिकेतून नेणं म्हणजे निर्यात. २०२० मध्ये साध्या बंदुकांची निर्यात वाणिज्य खात्याकडे गेली, पण अर्ध्या इंचावरची शस्त्रं आणि लाँचर परराष्ट्र खात्याच्या 'आयटार' नियमांतच राहिले. परवान्याशिवाय बाहेर नेलं तर कमाल २० वर्षं आणि १० लाख डॉलर. हे बॅगेत घालून नेण्याचा विचार करणारे असतात. जुलै २०१९ मध्ये बाल्टिमोर-वॉशिंग्टन विमानतळावर टेक्सासच्या एका माणसाच्या चेक-इन बॅगेत क्षेपणास्त्राची नळी सापडली. तो सेवेतला सैनिक होता, कुवेतहून आठवण म्हणून आणत होता, नळीत काही नव्हतं. त्याला विमान पकडू दिलं, नळी जप्त झाली. भारतीय पासपोर्टवाल्याला इतक्यावर सोडतील अशी आशा धरू नका.

समजा पोहोचली. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दातच तोफा, हातबॉम्ब आणि शस्त्राचे सुटे भागसुद्धा येतात. 'प्रतिबंधित शस्त्र' या व्याख्येत तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रं स्पष्ट लिहिली आहेत. एटी-४ आणि आरपीजी आणखी कशासाठी असतात? रॉकेट, ग्रेनेड, गोळे हे 'प्रतिबंधित दारूगोळा'. कलम ७ प्रमाणे हे केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही, आणि ती परवानगी दिवाणखान्याच्या भिंतीसाठी मिळत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस आयुक्तालयात मिळणारा नेहमीचा परवाना इथे कामाचा नाही. रहिवास बदलून कायमचं परतणाऱ्याला परवान्यावर एक बंदूक आणायची जी सवलत मिळते, ती परवानगीयोग्य बोअरच्या बंदुकीपुरती.

शिक्षेची कल्पना यावी म्हणून एक सर्वांना आठवणारं उदाहरण. संजय दत्तला २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधित रायफल बाळगल्याबद्दल ५ वर्षं दिली आणि तो येरवड्यात गेला. तेव्हा ५ वर्षं ही त्या कलमाखालची किमान शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ आणि कमाल १४ झाली आहे. बेकायदा भारतात आणण्याचं कलम वेगळं, त्यात जन्मठेपेपर्यंत जाता येतं.

'पण नळी तर रिकामी आणि बाद आहे' हा युक्तिवाद भारतात करायचा तर तो कलम ४५ खाली होतो. तिथे जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त शस्त्र कायद्यातून वगळलंय, पण अट आहे की ते 'दुरुस्ती करून किंवा न करता' अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. दुरुस्ती करूनही! अमेरिकेतल्या 'सहज'पेक्षा ही अट कडक आहे, आणि ती सिद्ध होते न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालानंतर, म्हणजे गुन्हा नोंदवून, वस्तू जप्त होऊन, कदाचित तुम्ही आत गेल्यानंतर. हा युक्तिवाद जामिनाच्या अर्जात करायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही. पुण्यातून नगरचं रणगाडा संग्रहालय दोन-अडीच तासांवर आहे. खरा माल तिथे हात लावण्याइतक्या जवळून बघायला मिळतो.

राहिला आजोबांचा एम-७९. हे सर्वांत नाजूक प्रकरण आहे, आणि तुम्हाला सगळ्यात निरुपद्रवी वाटलं असेल तेच. 'युद्धातून आणलेलं' म्हटलं की लोकांना पकडलेल्या शत्रूच्या शस्त्राची चिठ्ठी आठवते. एम-७९ हे अमेरिकी सैन्याचंच शस्त्र, १९६१ पासून त्यांच्या वापरात. आपल्याच सरकारचं शस्त्र युद्धलूट ठरत नाही. तो खरोखर सैन्यातून आला असेल तर तो अजून सरकारी मालमत्ता असण्याची दाट शक्यता. दुसरी शक्यता अशी की त्यांनी तो नंतर बाजारातून रीतसर घेतला, सुट्या भागांतून नव्या चौकटीवर बांधलेला, आणि स्टॅम्प कुठेतरी फायलीत आहे. तिसरी, १९६८ च्या २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या माफीच्या महिन्यात नोंदवलेला. तशी माफी त्यानंतर पुन्हा आलेली नाही.

नोंद आहे की नाही हे तुम्हाला परस्पर विचारता येणार नाही. एनएफएची नोंदवही करविषयक माहिती म्हणून गोपनीय आहे, एटीएफ ती फक्त मालकाला सांगतं. आजोबांना त्यांचे जुने कागद शोधायला सांगा: सरकारी शिक्का मारलेला फॉर्म ४ किंवा १९६८ चा नोंदणीचा कागद. मिळाला तर ते तो फॉर्म ४ वर विकू शकतील, किंवा त्यांच्या पश्चात तो कायदेशीर वारसाला फॉर्म ५ वर करमुक्त जाऊ शकेल. तुमच्याकडे तो तरीही येत नाही, कारण व्हिसा.

कागद नसेल तर तो आता नोंदवता येत नाही, कुणालाच नाही, कितीही प्रामाणिक असलात तरी. नोंद नसलेलं एनएफए शस्त्र जवळ असणं हाच गुन्हा, १० वर्षांपर्यंत. त्यांनी स्वतः गाडीत घालून पोलीस ठाण्यात न्यायचा नाही, तुम्ही तर त्यांच्यासाठी नाहीच नाही. शस्त्रकायद्यातला वकील गाठायचा, वकील एटीएफच्या स्थानिक कार्यालयाशी बोलतो आणि अधिकारी घरी येऊन वस्तू घेऊन जातात. त्यांच्या नातवंडांना गॅरेज आवरताना तो सापडण्यापेक्षा हे त्यांच्या हयातीत झालेलं बरं, एवढं शेजारी म्हणून तुम्ही त्यांना सांगू शकता. त्या दिवशी गॅरेजपाशी उभं राहण्याची तुम्हाला काही गरज नाही.